घरच्या घरी गाडीचं काम: बोल्ट नेमका किती आवळायचा?

हडपसरी
नमस्कार मंडळी. दीडशे सीसीची सेकंडहँड गाडी घेतली आहे. इंजिन ठणठणीत, पण आधी ज्यांच्या-ज्यांच्या हाताखालून गेली त्यांनी नटबोल्टांचे पार हाल केलेत. ऑइल सोडायच्या बोल्टाला टेफ्लॉन टेप गुंडाळलाय, क्लच कव्हरच्या एका बोल्टाचं डोकं गोल झालंय आणि दुसरा नुसताच फिरतो, तो सिलिकॉन लावून बसवलाय. म्हटलं ऑइल, प्लग, चेन, ब्रेक शू एवढं तरी आता आपणच करायचं. सेलमध्ये अर्धा इंची (सॉकेट बसतो त्या चौकोनी खुंट्याचं माप) टॉर्क रेंच घेतला, म्हणजे ठरवलेला पिळाचा जोर (टॉर्क) भरला की टिक्क करणारा पाना. २८ ते २१० न्यूटन-मीटरचा, हे टॉर्कचं एकक. मग मॅन्युअल उघडलं, तर निम्मे आकडे १० आणि १२ चे! माझा रेंच जिथून सुरू होतो तिथवर हे बोल्ट तुटून हातात आलेले असणार. दुसरा रेंच घ्यायचा, की हाताच्या अंदाजाने चालतं?

भोसरीचा फिटर
रेंच वाया गेलेला नाही. मागच्या चाकाचा ॲक्सल नट, स्विंगआर्म, क्लचचा मधला नट ही त्याचीच कामं. पण घरी ज्यांना हात लागतो ते बहुतेक बोल्ट एम६ आणि एम८, म्हणजे ६ आणि ८ मिलिमीटर जाड दांड्याचे. त्यांच्यासाठी पाव इंची, ५ ते २५ न्यूटन-मीटरचा वेगळा घ्या. एकच घ्यायचा असता तर मी छोटाच घे म्हटलं असतं. मोठा नट चुकून थोडा जास्त आवळला गेला तर बहुतेक वेळा निभावतं. अ‍ॅल्युमिनियममधला एम६ मात्र दुसरी संधी देत नाही.

आता एक घोळ आधीच निस्तरून टाकू. १० नंबरचा पाना लागतो म्हणून तो १० मिलिमीटरचा बोल्ट नव्हे. नंबर डोक्याचा असतो, दांडा ६ चाच. एम६ ला ८ किंवा १० चा पाना, एम८ ला १२ किंवा १३ चा, एम१० ला १४ किंवा १७ चा. मॅन्युअलच्या मागच्या सर्वसाधारण तक्त्यात '१० मिमी बोल्ट' समोर ३५-४० असा आकडा दिसतो आणि माणूस १० नंबरच्या पान्याच्या बोल्टाला तो लावतो. बोल्टाचे दोन तुकडे!

दुसरा घोळ एककांचा. जुन्या मॅन्युअलांत आकडे किलोग्रॅम-मीटरमध्ये असतात. तिथे १.० लिहिलं असेल तर ते जवळपास १० न्यूटन-मीटर. परदेशी व्हिडिओत फूट-पाउंड बोलतात, त्याला १.३६ ने गुणायचं. रेंचवर दोन पट्ट्या कोरलेल्या असतात, कुठली वाचतोय ते आधी बघा.

मॅन्युअलमध्ये त्या ठिकाणाचा वेगळा आकडा नसेल तरच हे धरा: एम६ ला १० ते १२, एम८ ला २२ ते २७. वेगळा आकडा छापला असेल तर तोच खरा.

साताऱ्याचा रांगडा
फिटरसाहेब, माहिती झकास, पण आमच्या पट्ट्यात एकाही गॅरेजात टॉर्क रेंच बघितला नाही आणि गाड्या घाट चढतायतच की. जुन्या मिस्त्रीच्या हाताला बोल्ट बसल्याचं बरोब्बर कळतं. यूट्यूब बघून घरी सुरुवात करणाऱ्याच्या हाताला कळत नाही, हे मात्र मान्य.

भोसरीचा फिटर
रांगडे भाऊ, मिस्त्रीच्या हाताला कळतं यावर माझा विश्वास आहे. पण तो रोज त्याच पान्याने, त्याच मापाचे बोल्ट आवळतो. त्याच्या हातात दुसऱ्या लांबीचा पाना दिला की त्याचाही अंदाज चुकतो.

गणित साधं आहे. १० नंबरचा रिंग पाना घ्या. नटाच्या मध्यापासून हात साधारण १२ सेंटिमीटरवर पडतो. १० न्यूटन-मीटरसाठी तिथे साडेआठ किलोची ओढ लागते. धडधाकट माणूस त्याच पान्यावर २० किलो सहज ओढतो, म्हणजे झाले साडेतेवीस. आणि छोट्या पान्याऐवजी अर्धा इंची रॅचेट लावला, २५ सेंटिमीटर लांब, तर १० साठी फक्त चार किलो पुरतात. दोन बोटांचं काम. तुम्ही मूठ आवळून ओढलंत की कव्हरमधले आटे गेलेच.

छोट्या नंबरचे पाने आखूड बनवतात ते लोखंड वाचवायला नाही. एम६ ला शक्यतो आखूड पाना वापरा, तो दांड्याच्या टोकाला न धरता मध्ये धरा आणि पाइप वगैरे तर मुळीच घालू नका.

यंत्रमास्तर
यात थोडी भर घालतो. (डिप्लोमाच्या पोरांना मशीन डिझाइन शिकवतो, लांबण लागली तर सांभाळून घ्या.)

आपल्याला हवा असतो तो बोल्टाचा ताण. आवळलेला बोल्ट रबरबँडसारखा किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने दोन भाग एकमेकांवर दाबून ठेवतो. टॉर्क हा त्या ताणाचा आडवळणाने घेतलेला अंदाज, कारण ताण घरी मोजता येत नाही. आपण लावलेल्या जोरातला ढोबळमानाने निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात. खरा ताण द्यायला उरतात दहाएक टक्के. म्हणून घर्षण जरा बदललं की ताण कुठल्या कुठे जातो.

आकड्यांत सांगतो. एम६, ८.८ ग्रेडचा बोल्ट (८.८ हा पोलादाच्या ताकदीचा आकडा), कोरडे स्वच्छ आटे, १० न्यूटन-मीटर: ताण साधारण ८५० किलो. आट्यांना इंजिन ऑइल लागलंय आणि रेंच त्याच १० वर, तर ११०० च्या पुढे. मॉलिब्डेनम ग्रीस चोपडलं तर १४०० च्या आसपास. हा बोल्ट कायमचा लांबायला लागतो तो १३०० ला. म्हणजे रेंचने इमानदारीत टिक्क केलं आणि बोल्ट तरीही कामातून गेला. डोक्यावर ८.८ कोरलेलं नसेल तर बोल्ट त्याहून कमजोर समजा.

तेव्हा मॅन्युअलमध्ये 'ऑइल लावून' असं लिहिलं असेल तिथे लावायचंच, बऱ्याच गाड्यांच्या सिलिंडर हेडच्या नटांना लिहिलेलं असतं. काहीच लिहिलं नसेल तर कोरडं आणि स्वच्छ.

चिपळूणकर
मास्तर, कोरडं-स्वच्छ हे तुमच्याकडे घाटावर ठीक आहे. आमच्याकडे चार महिने धो-धो पाऊस आणि वर खारा वारा. पोलादी बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये कोरडा बसवलान तर दोन पावसाळ्यांनी पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट इंजिनाचाच भाग होतो. काढायला गेलं की डोकं हातात, दांडा आत. आम्ही ग्रीस लावणार म्हणजे लावणारच.

यंत्रमास्तर
लावा की, फक्त आकडा कमी करा. ग्रीस किंवा अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट) लावलं तर टॉर्क पाव हिश्श्याने उतरवा, १० चे साडेसात. मॉलिब्डेनमवालं असेल तर आणखी खाली. बोटभर ग्रीस नको, आट्यांना पुसट हात फिरवलेला पुरे. आणि भोक आरपार नसेल तर त्यात ग्रीस किंवा ऑइल भरू नका. बोल्ट पिचकारीच्या दट्ट्यासारखा आत उतरतो, खालच्या तेलाला जायला वाट नसते, तडा कव्हरला जातो.

स्पार्क प्लगला मात्र काहीही लावू नका. चांगल्या कंपन्यांच्या प्लगच्या आट्यांवर मुलामा असतो, अँटी-सीझ लावू नका असं एनजीके ही प्लग बनवणारी कंपनी स्वतः सांगते. ग्रीसने सरकन आत जातो आणि हेडचे आटे ओढले जातात.

गॅरेजवाली ताई
प्लगचा विषय निघालाच आहे तर: रेंच नसेल तरी प्लग नीट बसवता येतो. इंजिन पूर्ण गार. प्लगच्या मागच्या टोकाला रबरी नळीचा वीतभर तुकडा अडकवा आणि त्या नळीने फिरवत आत घाला. आटे तिरके लागले तर नळी प्लगवर घसरते, प्लग पुढे जात नाही. पान्याने पहिल्या वेढ्यापासून रेटलं की तिरका प्लगसुद्धा मुकाट आत जातो आणि हेड घेऊन बाहेर येतो. बोटांनी टेकला की मग पाना. नवा, वॉशरवाला प्लग असेल तर अर्धा वेढा, १४ मिलिमीटरवाल्याला फार तर दोन तृतीयांश. वॉशर चपटं होताना हाताला कळतं. तोच जुना प्लग परत बसवत असाल तर वॉशर आधीच दबलेलं असतं, त्याला घड्याळाच्या काट्याने एक तास सरकावा तेवढंच.

ऑइलच्या बोल्टाचंही तसंच. त्याचं तांब्याचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं वॉशर दरवेळी नवं. जुनं वॉशर गळतं म्हणून लोक बोल्ट अजून आवळतात, पुढच्या वेळी अजून. मूळ धागाकर्त्याच्या गाडीला टेफ्लॉन टेप अशीच आली असणार. शंभराच्या आतला जिन्नस, पुण्यात नाना पेठेत जाल तेव्हा जुनं वॉशर मापाला नेऊन चार-पाच एकदम आणा.

साताऱ्याचा रांगडा
ताई, नळीची आयडिया एक नंबर. वाचनखूण साठवली.

आरएक्सवेडा
जुन्या गाड्यावाल्यांसाठी दोन शब्द. यामाहा आरएक्स १०० किंवा त्या काळातल्या जपानी घराण्याच्या गाड्यांना इंजिन कव्हरला स्टार स्क्रू असतात. हे साधे फिलिप्स नव्हेत, जपानी जेआयएस घडणीचे आहेत. साधा स्टार ड्रायव्हर त्यांत तळापर्यंत बसत नाही, जोर लावला की वर उसळतो आणि फुलीची वाटी करून ठेवतो. जेआयएस ३ नंबरचं बिट आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. आधी स्क्रूच्या डोक्यावर सरळ दोन-तीन ठोके, मग ड्रायव्हर सोडण्याच्या दिशेला लावून ठोका. पटकन सुटतो. परत बसवताना इम्पॅक्ट ड्रायव्हर पेटीत टाकून द्या. त्याने आवळायचं नाही.

कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, हे कुणी सांगितलं नाही अजून. काढायच्या आधी पुठ्ठ्यावर कव्हरचा अंदाजे आकार काढा, जिथला बोल्ट तिथेच पुठ्ठ्यात भोक पाडून खोचा. आखूड भोकात लांब बोल्ट गेला तर तो तळाला टेकतो. रेंच टिक्क करतो, कव्हर मात्र ढिलंच, आणि ऑइल गळायला लागलं की आपण गॅस्केटला शिव्या घालतो. लांब भोकात आखूड गेला तर तीन-चार आट्यांवर सगळा भार. अ‍ॅल्युमिनियममध्ये बोल्टाच्या जाडीच्या किमान दीडपट आटे पकडीत हवेत, एम६ ला ९ मिलिमीटर. बसवण्याआधी बोल्ट भोकात नुसते ठेवून बघा: सगळ्यांची डोकी कव्हरच्या वर सारख्याच उंचीवर उभी दिसली पाहिजेत. एखादं जास्त वर किंवा खाली दिसलं तर अदलाबदल झालीय.

मग सगळे बोल्ट बोटांनी टेकवा, समोरासमोरचे तिरपे-तिरपे धरत एकदा निम्म्या टॉर्कवर आणि एकदा पुऱ्यावर. एका बाजूने ओळीने आवळत गेलात तर कव्हर तिरकं बसतं.

हडपसरी
बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. पुठ्ठ्याची युक्ती आजच करतो.

दोन शंका. एक, स्वस्तातला रेंच खरं बोलतोय हे कसं कळणार? दोन, गाडीला जागोजागी स्प्रिंग वॉशर होते, निम्मे गायब आहेत. आणून टाकू का?

भोसरीचा फिटर
रेंच तपासायला लगेज तोलायचा हुकवाला काटा किंवा पाण्याचा कॅन पुरतो. रेंचचा चौकोनी खुंटा व्हाइसमध्ये आडवा पकडा, दांडाही आडवा राहील असा. खुंट्याच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंत मोजा. समजा ४० सेंटिमीटर भरले. तिथे दोरीने १० किलोचं वजन टांगलं तर ३९ न्यूटन-मीटर होतात. रेंचचं स्वतःचं वजनही दोन-अडीच न्यूटन-मीटरची भर घालतं, म्हणजे ४१-४२. रेंच ३८ वर लावून वजन हळूच सोडलं तर टिक्क व्हायला पाहिजे, ४५ वर लावला तर व्हायला नको. असे तीन-चार वेळा करून एकसारखं उत्तर आलं की घरच्या कामाला रेंच पास. आयएसओ ६७८९ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे टिकटिक्या रेंचला १० न्यूटन-मीटरच्या वर ४ टक्के इकडे-तिकडे चालतं. कंपनीत आम्ही तो वर्षाला किंवा ५,००० वेळा वापरल्यावर कॅलिब्रेशनला पाठवतो, घरी तेवढी गरज नाही.

मुठीलाच धरायचं, दांड्याच्या मध्ये नाही. हळू, एका दमात ओढायचं, एकदा टिक्क झालं की थांबायचं. खात्री म्हणून दोन-तीन वेळा टिक्-टिक् करणारे बघितलेत, ते दरवेळी थोडा-थोडा जास्तच आवळतात. सोडवायला टॉर्क रेंच वापरू नका. काम झालं की सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, त्याहून खाली पिळून स्प्रिंग मोकळी करायची नाही.

आणखी एक सवय लावून घ्या. आवळून झालेल्या बोल्टावर पेंट मार्करने डोक्यावरून कव्हरवर एक सरळ रेघ ओढा. कुठला राहिला ते लगेच दिसतं आणि महिन्याने रेघ मोडलेली दिसली तर बोल्ट फिरलाय.

यंत्रमास्तर
स्प्रिंग वॉशरवर मी कुठेही बोललो की भांडण होतं, इथेही होऊ दे. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली दाखवून दिलं की बोल्ट आपोआप सुटतो तो मुख्यतः आडव्या हादऱ्याने, म्हणजे जोडलेले भाग एकमेकांवर बाजूला सरकले की. त्याच्या नावाच्या चाचणीत साधं स्प्रिंग वॉशर फारसं काही करत नाही. पूर्ण आवळल्यावर ते चपटं होतं, त्याची स्प्रिंग बोल्टाच्या ताणापुढे किरकोळ आहे. भाग सरकूच नयेत इतका ताण असला तर बोल्ट सुटत नाही.

साताऱ्याचा रांगडा
मास्तर, मग कंपनीवाले काय येडे म्हणून टाकतात का?

यंत्रमास्तर
येडे नाहीत. जिथे मूळचं आहे तिथे राहू द्या, जाडी धरून बोल्टाची लांबी ठरवलेली असते. गायब असेल तर तसलंच टाका. म्हणणं एवढंच की वॉशर आहे म्हणून टॉर्ककडे दुर्लक्ष नको. जिथे खरंच सुटून चालणार नाही, उदाहरणार्थ डिस्क ब्रेकच्या चकतीचे बोल्ट, तिथे निळा, मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर (आट्यांना लावायचा, सुकून घट्ट धरणारा द्रव). आधीचा सुकलेला ब्रशने काढून, ब्रेक क्लीनरने पुसून, मग नवा थेंब. लाल घेऊ नका. तो सोडवायला अडीचशे अंशांच्या आसपास तापवावं लागतं, आणि सील-बेअरिंगच्या शेजारी ते कोण करणार?

गॅरेजवाली ताई
नुसत्या फिरणाऱ्या बोल्टाचं राहिलंच. धागाकर्ते, तिथले आटे गेलेत, सिलिकॉनने काही होणार नाही. तिथे हेलिकॉइल घाला, म्हणजे भोकात नवे आटे देणारं तारेचं वेटोळं. एम६ च्या किटमध्ये ६.३ चं ड्रिल, त्याचा खास टॅप (आटे पाडायचं हत्यार) आणि तारेची वेटोळी येतात. कव्हरच्या मागचं भोक क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य कवचात आहे, म्हणून ड्रिलला टेप गुंडाळून खोलीची खूण करा आणि ड्रिलला, टॅपला भरपूर ग्रीस लावा, चुरा त्यात चिकटून बाहेर येतो. ड्रिल सरळ धरणं हेच खरं कौशल्य. शेजारच्या बोल्टाशी समांतर बघत राहायचं. टॅप अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे. वेटोळं पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा वेढा खाली उतरवा आणि तळाची दांडी ठोकून तोडून चिमट्याने बाहेर काढा, आत सोडू नका. नीट बसलेलं हेलिकॉइल नुसत्या अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा मजबूत असतं. पहिल्यांदाच करत असाल तर भंगारातल्या कव्हरवर आधी एक घालून बघा.

गोल डोक्याच्या बोल्टाला सहा कोनी सॉकेट घट्ट ठोकून बसवा, बारा कोनी नको. तरी नाही सुटला तर वेल्डिंगवाल्याकडून वर एक नट वेल्ड करून घ्या. त्या उष्णतेनेच निम्मं काम होतं.

चिपळूणकर
वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढा हां. आणि डब्ल्यूडी-फोर्टी मारून लगेच पाना लावू नका. रात्री मारा, सकाळी परत मारा, मग लावा.

आरएक्सवेडा
चेन ताणल्यावर मागचा ॲक्सल नट हा तरी अंदाजाने आवळू नका. याला तुमचा मोठा रेंच. एम६ ला जास्त आवळणारेच लोक याला कमी आवळतात, गंमत आहे.

नवखा_ठाणे
धागा आत्ताच वाचला. माझ्या ॲक्सल नटला खाचा आहेत आणि आडवी पिन जाते. टॉर्क बरोबर लावला की खाच आणि भोक जुळत नाही. थोडं मागे फिरवून पिन घातली तर चालेल का?

भोसरीचा फिटर
मागे नाही, पुढे. ठरल्या टॉर्कवर आणा आणि पुढची खाच भोकासमोर येईपर्यंत आवळा. पिन नवी टाका, जुनी सरळ करून परत वाकवलेली नको. दोन्ही पाय नटावर नीट मुडपा आणि चाक हवेत फिरवून चेनचा ढिलेपणा परत एकदा मोजा, ॲक्सल आवळताना तो हटकून बदलतो.